नॉर्मल ठरवलेली माय

मी लिहिलेल्या पहिल्या प्रोग्रॅमने माझ्या मायला निरोगी ठरवलं होतं. हे मी कुणापासून लपवत नाही, कारण त्यात मला लाजण्यासारखं काही वाटत नाही. लाज वाटायचीच असेल तर ती त्या माणसांना वाटावी, ज्यांनी माझा प्रोग्रॅम जन्माला यायच्या कितीतरी आधी, कुठलंही मशीन न लावता, तिला निरोगी ठरवून टाकलं होतं. प्रोग्रॅमने निदान फोटो तरी पाहिला होता.

आमचं गाव चामोर्शी तालुक्यातलं, तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला लागून. आम्ही ढिवर. पुरुष मोठं जाळं ओढायचे आणि बाया कमरेइतक्या पाण्यात उतरून काठाकाठाने लहान जाळ्यांनी झिंगे, म्हणजे तलावातली बारीक कोळंबी, धरायच्या. सगळ्यांचे झिंगे पाळीवर एकाच ढिगात ओतले जायचे आणि मग वाटे पडायचे. जी पाण्यात उतरली तिला पूर्ण वाटा. जी पाळीवर बसून निवडायचं काम करील तिला अर्धा. म्हाताऱ्या आणि बाळंतिणी सोडल्या तर यात कुणाला सूट नव्हती. पाण्यात उतरायच्या आधी घोटभर काळा चहा प्यायचा आणि बाहेर आल्यावर पुन्हा एकदा, हाही नियमच होता. दूध कुणाकडे असायचं नाही आणि असलं तरी चहात वाया घालवायचं नाही.

मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असेन, तेव्हापासून मायचं दुखणं सुरू झालं. पाण्यात जाळं रेटायला लागली की छाती आवळून यायची आणि डावा हात खांद्यापासून भरून यायचा. पाण्याबाहेर येऊन बसली की थोड्या वेळाने थांबायचं. थांबायचं म्हणूनच कुणाचा विश्वास बसत नव्हता. ताप आला तर अंग तापतं, पाय मोडला तर सुजतो, पण हे कसलं दुखणं, जे काम करताना येतं आणि बसलं की जातं? पाळीवरच्या बायांना याचं उत्तर लगेच सापडलं होतं.

"पोरगी इंजिनेर होऊन राह्यली ना नागपूरले," त्या म्हणायच्या. "आता माय कायले पान्यात उतरते?"

बाबा हे ऐकून हसायचे. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी मला शिकवलं, भावकीतल्या चार लोकांशी त्यासाठी भांडले. पण बायकोच्या छातीत दुखतं हे त्यांना पटत नव्हतं, कारण छातीत दुखणं हे त्यांच्या हिशेबी पुरुषांचं काम होतं. तालुक्याच्या डॉक्टरांनी गॅसच्या गोळ्या दिल्या. गोळ्यांनी थांबलं नाही तेव्हा त्यांनी टेन्शन आहे म्हणून सांगितलं. आमच्याकडे पुरुषाच्या छातीत दुखलं तर गाडी शोधतात आणि बाईच्या छातीत दुखलं तर ओवा शोधतात. मायने किती ओवा खाल्ला असेल, देव जाणे. आणि इतकं होऊनही ती रोज पाण्यात उतरायची, कारण अर्धा वाटा घेतला की ते बोलणं खरं ठरलं असतं. "मी सोंग नाई करत," एवढंच ती म्हणायची. सुट्टीत मी घरी गेले की मला बाजूला घेऊन तेच पुन्हा सांगायची, जणू मीही त्यांच्यातलीच एक होते. मला त्याचा फार राग यायचा, तिचा नाही, तिला असं सांगावं लागत होतं त्याचा.

शेवटच्या वर्षी मी प्रोजेक्ट निवडला तो या रागातूनच. तेव्हा नव्या शतकाची पहिली वर्षं चालू होती. आमच्या कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये चपला बाहेर काढून, देवळात गेल्यासारखं जावं लागायचं. वर्गातली बाकी मुलं लायब्ररीचे आणि हॉटेलचे प्रोग्रॅम करत होती. मी गाईड सरांना म्हटलं, मला हृदयाच्या फोटोंवरून आजार ओळखणारं न्यूरल नेटवर्क करायचंय. सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "झेपेल का?" त्यांनी विचारलं. गडचिरोलीची मुलगी म्हटलं की हा प्रश्न ठरलेलाच असायचा. मी म्हटलं, झेपलं नाही तर नापास करा.

शहरात एक तपासणी केंद्र होतं. तिथे शिरेतून किंचित किरणोत्सारी औषध देऊन मोठ्या कॅमेऱ्याने हृदयाचे रंगीत फोटो काढायचे. रक्त जिथे नीट पोचतं तिथे फोटो उजळ दिसतो, जिथे पोचत नाही तिथे काळपट. तिथल्या डॉक्टरांना कॉम्प्युटरची हौस होती. त्यांनी जुन्या रुग्णांचे फोटो मला नावं काढून दिले आणि प्रत्येकाच्या हृदयाची नळी खरोखर तुंबलेली निघाली होती की नाही, तेही सांगितलं. माझं काम सोपं होतं आणि भयंकर कंटाळवाणंही. कॉम्प्युटरला एकेक फोटो दाखवायचा, त्याने अंदाज करायचा, चुकला की आतले आकडे थोडे सरकवायचे आणि पुढचा दाखवायचा. लहान पोराला बाराखडी गिरवायला लावतात तसं. दिवसेंदिवस हे चाललं आणि एके दिवशी त्याला आपलं आपण कळायला लागलं. शून्याजवळचा आकडा म्हणजे निरोगी, एकाजवळचा म्हणजे आजारी. कधी न पाहिलेल्या फोटोवरही तो बऱ्याचदा बरोबर सांगायला लागला, तेव्हा मी त्या चपला काढायच्या लॅबमध्ये एकटीच हसले होते.

त्या फोटोंच्या ढिगात बाया फार कमी होत्या. होत्या त्याही शहरातल्या, चांगल्या घरच्या. आमच्या जिल्ह्यातली एकही नव्हती. बाईची छाती घेऊन इतक्या लांब कोण येणार? मी डॉक्टरांना म्हटलं, "एका बाईला मी आणते. माझी आई आहे." ते तयार झाले.

बाबांना राजी करायला मला वेगळीच युक्ती करावी लागली. मी म्हटलं, "नागपूरच्या डाक्टरानं काही नाई म्हटलं तर मी पुन्हा हा विषय काढनार नाई." त्यावर ते लगेच तयार झाले. ते दोघं आदल्या संध्याकाळी मूल गावावरून एसटीने आले आणि केंद्राजवळच्या धर्मशाळेत उतरले. तपासणीच्या दिवशी माझी प्रॅक्टिकलची परीक्षा होती. ती चुकवता येत नव्हती, म्हणून मी संध्याकाळी केंद्रावर पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं.

मायचे गुडघे पाण्यात उभं राहून राहून धरलेले, त्यामुळे हृदयावर ताण यावा म्हणून सरकत्या पट्ट्यावर चालवतात तसं तिला चालवणं शक्य नव्हतं. अशा वेळी शिरेतून एक औषध देतात. त्याने हृदयाच्या नळ्या फुलतात. चांगल्या नळ्या फुलतात, तुंबलेली फुलत नाही, आणि मग आरामातल्या आणि औषधानंतरच्या फोटोत फरक दिसतो. मायच्या फोटोत कसलाच फरक नव्हता. सगळीकडे एकसारखा उजेड. डॉक्टर खुशीत होते. "तुझ्या कॉम्प्युटरलाही विचार," ते म्हणाले. मी प्रोग्रॅमची सीडी त्यांच्याच कॉम्प्युटरला लावून विचारलं. शून्याला चिकटलेला आकडा आला.

"डॉक्टर म्हणतो नॉर्मल, मशीन म्हणतं नॉर्मल, तुझा प्रोग्रॅम म्हणतो नॉर्मल," ते हसून म्हणाले. "आता फक्त तुझंच समाधान व्हायचं राहिलं."

माझं समाधान झालं नव्हतं. बाबा एकदम हलके झाले होते. त्यांनी डॉक्टरांना दोनदा नमस्कार केला. माय भिंतीकडे तोंड करून बसली होती, आणि निरोगी ठरल्याचा आनंद तिच्या चेहऱ्यावर औषधालाही दिसत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना बसवून द्यायला बसस्टँडवर गेले. माय खिडकीपाशी बसली, मांडीवर पिशवी घेऊन. बाबा पाण्याची बाटली भरायला गेले होते. मी खिडकीखाली उभी राहून सहज विचारलं, "सुई दिली तेव्हा कसं वाटलं? चेहरा गरम झाला असेल ना, डोकं दुखलं असेल?" जुन्या रुग्णांची माहिती भरताना मी हे सारखं वाचलं होतं. त्या औषधाने बहुतेकांना काही ना काही होतंच.

"काहीच नाई झालं," माय म्हणाली. "मुंगी चावली तेवढं."

"अजिबातच काही नाही?"

"नाई म्हनलं ना. उपाशी होती म्हनून जरा गरगरलं, तेबी चाय घेतल्यावर बरं वाटलं."

मी खिडकीची दांडी धरली. "चाय कधी घेतली?"

"सकाळी, जायच्या आधी. उपाशी याले सांगतलं होतं ना, म्हनून काहीच नाई खाल्लं. उपासाले चाय चालते. काळीच घेतली, दूध नाई टाकू देल्लं मी. दोन गिलास घेतल्या." मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून ती जरा चिडली. "काऊन व? पान्यात उतराच्या आधी घेतोच ना आपन. तो कॅमेरा मोठा म्हनत होते, मले भेव वाटत होतं."

मला काय झालं ते ज्याने त्या केंद्रातल्या भिंतीकडे कधी पाहिलंय त्यालाच कळेल. तिथे एक पाटी होती, इंग्रजीत. चाचणीच्या आदल्या दिवसापासून चहा, कॉफी, चॉकलेट बंद. चहातल्या द्रव्याने ते नळ्या फुलवणारं औषध निकामी होतं. माझ्या मायने सोमवारच्या उपासासारखा कडकडीत उपास केला होता, दूधसुद्धा वर्ज्य करून, आणि तिच्या त्या काळ्या चहाने सुई पाण्यात घातली होती. नळ्या फुलल्याच नव्हत्या. कॅमेऱ्याने तिचं आरामात बसलेलं हृदय पाहिलं होतं. आणि बसलेल्या मायला दुखत नाही, हे तर सगळ्या गावाला माहीत होतं.

"खाली उतर," मी म्हटलं.

"गाडी निंगून राह्यली."

"निघू दे. उतर."

कंडक्टर ओरडायला लागला. मी आत चढून तिची पिशवी घेतली आणि तिला हाताला धरून खाली आणलं. बाबा बाटली घेऊन धावत आले तोवर गाडी मागे घेत होते.

"डाक्टर नारमल म्हनते," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज मी इतका चढलेला कधी ऐकला नव्हता. "कम्पुटर नारमल म्हनते. तुले काऊन पायजे बिमारी? मायले बिमारी पायजे तुले?"

"मला बिमारी नको. मला खरं काय ते पाहिजे."

"तू शब्द देल्ला होता, विषय काढनार नाई म्हनून."

"दिला होता. आता मोडते," मी म्हटलं. बाबांसमोर मी याआधी असं कधी बोलले नव्हते. ते तिथेच बाकड्यावर बसले. पण आमच्या मागून केंद्रावर आले.

डॉक्टरांना मी चहाचं सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला, आणि मग लगेच कडक झाला. चहाने काय होतं ते त्यांना माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. "पाटी आहे बाहेर," ते म्हणाले. "आणि मी स्वतः विचारलं होतं, उपाशी आहात का. हो म्हणाल्या."

"ती उपाशीच होती," मी म्हटलं. "तुम्ही उपाशी विचारलं, तिने उपाशी सांगितलं. चहा कुणी विचारला? आमच्या गावात उपासाला चहा चालतो. तुमच्याकडे चालत नाही का?"

त्यांच्या घरातही चालत असणार. ते म्हणाले, औषध ठरावीक दिवशीच येतं, यादी भरलेली आहे, आणि एकदा नॉर्मल आलेल्या बाईला परत सुई टोचायची म्हणजे काहीतरी कारण लागतं. मी म्हटलं, दोन वर्षं छातीत दुखतंय हे कारण नाही का? ते म्हणाले, पुढच्या आठवड्यात बघू. मी म्हटलं, नुसतं बघू नको, दिवस सांगा. आणि दिवस सांगेपर्यंत मी त्यांच्या दारातून हलले नाही. मागे रुग्ण खोळंबले होते, ते मला शिव्या देत असतील. देऊ देत.

गाईड सरांना हे सांगितलं तर ते समजावणीच्या सुरात म्हणाले, "भावनेच्या भरात जाऊ नकोस. मूळ डेटात आईला घेऊच नको. एखादी केस चुकली तर चालतं, अचूकता टक्क्यात मोजतात." मी त्यांना म्हटलं, "सर, टक्क्यात माझी आई बसत नाही." ते नाराज झाले. त्याची किंमत मला पुढे तोंडी परीक्षेत मोजावी लागली, पण आजही मला तो सौदा महाग वाटत नाही.

बाबा गावी गेले आणि मायला मी हॉस्टेलवर ठेवून घेतलं. तपासणीच्या आदल्या दिवशी सकाळपासून तिचा चहा बंद केला, तेव्हा तिचा खरा स्वभाव खोलीतल्या मुलींना कळला. दुपारी तिचं डोकं ठणकायला लागलं. "येक घोट दे, मंग मारून टाक मले," ती म्हणाली. मेसमधून चहाचा वास आला तसं तिने नाकाला पदर लावला. माझी खोलीसोबती घाबरून स्वतःचा चहा बाथरूममध्ये नेऊन प्यायली.

दुसऱ्या तपासणीला बाबा परत आले. वाद झाला तरी ते आले होते, हे मी विसरलेले नाही. या वेळी मी आत थांबले. मायच्या हाताच्या शिरेतून औषध जायला लागलं आणि तिच्याकडे बघता बघता तिचा चेहरा तांबडा झाला. कपाळावर घाम आला. तिने मोकळा हात छातीवर दाबला आणि डोळे मोठे केले. मी पुढे झाले, पण ती घाबरलेली नव्हती. तिच्या चेहऱ्यावर ओळख पटल्याचा भाव होता.

"हेच," ती डॉक्टरांना म्हणाली. "हेच ते, साहेब. पान्यात असंच होते. हा हातबी भरून आला पाहा."

डॉक्टर तिच्याकडे आणि पडद्यावरच्या रेषांकडे आळीपाळीने पाहत होते. त्यांनी लगेच उलटं औषध देऊन दुखणं थांबवलं आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. फोटो यायला वेळ लागला. आले तेव्हा ते समजायला माझ्या प्रोग्रॅमची गरज नव्हती. हृदयाच्या समोरच्या भिंतीचा मोठा भाग काळवंडला होता, आणि आरामातल्या फोटोत तोच भाग पुन्हा उजळ होता. तरी मी तो फोटो प्रोग्रॅमला दाखवला. आकडा एकाला जाऊन टेकला. माझा प्रोग्रॅम खोटारडा नव्हता. त्याला आधी जो फोटो दाखवला होता त्याबद्दल तो बरोबरच बोलला होता. चहाची चौकशी करायला त्याला कुणी शिकवलं नव्हतं, आणि ज्यांना ती करता येत होती त्यांनी केली नव्हती.

डॉक्टरांनी आम्हाला तिघांना केबिनमध्ये बसवलं. मुख्य नळी बरीच तुंबलेली दिसते, अँजिओग्राफी लगेच करावी लागेल, बहुतेक ऑपरेशनही लागेल, असं ते माझ्याकडे बघून निम्म्या इंग्रजीत सांगत होते. पुढे ते सगळं झालं, नागपुरातच झालं, आणि माय त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली. पण त्या धावपळीतलं मला फारसं आठवत नाही. आठवते ती केबिन. बाबांनी खुर्चीचा हात घट्ट धरला होता. मला रडू येत होतं. माय मात्र पदर सावरून ताठ बसली होती, बाजारात मासोळीचा भाव सांगताना बसायची तशी.

"साहेब, पोरीले नका सांगू, तिले माहीत हाय," तिने डॉक्टरांना मध्येच थांबवलं आणि बाबांकडे बोट केलं. "ह्यायले सांगा. मराठीत सांगा. मी सोंग नव्हती करत म्हनून सांगा."

डॉक्टर क्षणभर गोंधळले. मग खुर्ची बाबांकडे वळवून त्यांनी सावकाश सांगितलं, "भाऊ, बाईंचं दुखणं खरं आहे. आधीपासूनच खरं होतं."

बाबांनी मान खाली घातली. मायने ती खाली गेलेली मान नीट पाहून घेतली. मग तिने तोच भरून येणारा डावा हात टेबलावर डॉक्टरांसमोर ठेवला.

"आता करा काय कराचं ते," ती म्हणाली.